व्याह्यांच्या जीपची शिट्टी

आधी बाहेरची ती जीप बंद करा. हार घातले, लिंबू-मिरची बांधली, सगळं झालं, मग रिकामी घुरघुरत कशाला ठेवलीय? मघाशी दोन जण बोलून गेले, त्यांचा एक शब्द मागच्या रांगेला कळला नाही. सुकदेवराव, जावईबापू, उठा आणि किल्ली फिरवा. झालं? बरं.

आता रीतसर सुरुवात करते. आपल्या सुरतेतल्या लिंबायतच्या मंडळाचे आदरणीय अध्यक्ष वाल्मिकभाऊ, आजचे प्रमुख पाहुणे कारखान्याचे शेठ, त्यांच्या शेजारी बसलेल्या शेठाणीबेन, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे व्याही निंबाभाऊ जॉबर, आमच्या विहीणबाई सखुबाई, आणि समोर बसलेले खान्देशातले, मराठवाड्यातले, विदर्भातले सगळे बंधू-भगिनी, ज्यांचं अर्धं लक्ष मागच्या पातेल्यांकडे आहे, त्या सर्वांना खानावळवाल्या शोभाबाईचा नमस्कार.

निंबाभाऊ उधन्याच्या कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारे जॉबर होते, तिथून मोकळे झाले, आता कायमचे साक्रीकडे गावी चालले, म्हणून हा निरोप. तिकडे जाऊन ते जीप चालवणार, बाजाराच्या दिवशी माणसं नेणार-आणणार. चांगलं आहे. पण माझी मुलगी योगिता त्यांची सून, आणि तिच्या मांडीवर माझी तान्ही नात. रविवारी सकाळी त्या दोघी ह्याच जीपमध्ये बसून निघणार आहेत. म्हणून माझं जे काही म्हणणं आहे ते त्या जीपबद्दल आहे.

मुलीच्या आईने व्याह्याला तोंडावर प्रश्न विचारायचा नाही, अशी आपल्यात रीत. मी घरी जाऊन विचारलं की विहीणबाई चहा पुढे करतात आणि कुंकू लावून वाटेला लावतात. पण सत्काराच्या भाषणात बोलू नये अशी रीत मी कुठे ऐकलेली नाही. वाल्मिकभाऊंनीच सांगितलं, शोभाबाई, तुम्ही जवळच्या, चार शब्द बोला. भाऊ, आता घड्याळाकडे बघू नका.

जीप त्यांनी का घेतली, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. प्लेगच्या वर्षी आपण सगळे स्टेशनाकडे पळालो होतो. डब्यात शिरायला जागा नव्हती. सखुबाईंना खिडकीतून आत ढकललं आणि निंबाभाऊ खालीच राहिले. त्या दिवशी त्यांनी मनात धरलं की स्वतःची गाडी पाहिजे. ह्याबद्दल मी त्यांना हात जोडते.

पण घेतलेली जीप जुनी. कोंडाईबारीच्या घाटात चढताना रडायची. मग हे गेले भंगार बाजारात आणि एका अपघातातल्या ट्रकचा टर्बो उचलून आणला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, बिडाची गोगलगाय असते तशी वस्तू. आत पंखा. इंजिनाचा धूर तो पंखा फिरवतो आणि पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणजे गाडीला जोर येतो. ट्रकची वस्तू जीपला बसवायची, तर ह्यांनी लूमच्या पट्ट्या कापून क्लिपा केल्या, नळ्या वाकवल्या आणि बसवली. जोर आला, खोटं कशाला बोलू. पण सोबत आवाज आले.

पाय दाबला की शिट्टी. पाय उचलला की चुक-चुक-चुक, अगदी पाल. आता पाल चुकचुकली की आपल्या बायका बोटाने जमिनीवर टिचकी मारून कृष्ण कृष्ण म्हणतात. ही जीप गल्लीतून गेली की ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या ओट्यांवर बायका जमीन ठोकत बसतात. भाजी निवडायची राहून जाते.

आणि माझं काय झालं ते ऐका. माझ्या खानावळीत तुरीची डाळ तीन शिट्ट्यांना उतरते. मी भाकरी थापते, माझी पाठ चुलीकडे, सगळा हिशेब कानावर. त्या दिवशी एक शिट्टी कुकरची झाली आणि दोन झाल्या व्याह्यांच्या. मी गॅस बंद केला. पाळीवरून आलेली चाळीस माणसं जेवायला बसली आणि ताटात दगड. हा दगा पाटील हसतोय ना पुढे बसून, ह्याने मला विचारलं होतं की मावशी, ही डाळ जेवायची की गोट्या खेळायच्या. त्या दिवसापासून मी कुकरसमोर तोंड करून उभी राहते.

हे सगळं मी सहन केलं. आवाजाचं काय, आपण लूमवाले, आवाजातच पोरं वाढवली. मला विचारायचं होतं एवढंच, ह्या आवाजाने काही बिघडतं का? पोरी घाटात असताना ते काही फुटणार-बिटणार तर नाही? साधा प्रश्न आहे. पण ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. सुकदेवराव म्हणतात, सासूबाई, ती शिट्टी म्हणजेच तर शान आहे, बारडोलीच्या रस्त्याला लोक वळून बघतात. अहो, लोक वळून तर वरातीतल्या घोड्याकडेही बघतात. विहीणबाई म्हणतात, ह्यांनी केलंय म्हणजे बरोबरच असेल.

शेवटी मी उधना दरवाजाला मगन गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बेन, मी काय देव आहे? पाय उचलला की हवेला जायला जागा नथी, ती पाछी वळते अने पंख्याला थप्पड मारते. थोडी थप्पड खाऊन पंखा वर्षानुवर्षं चालतो. पण पहिल्यापासून ढिला असेल तर एक दिवस तुटतो अने इंजिन आपलंच तेल पिऊन बसतं. वाजतो म्हणून खराब नाही, अने वाजतो म्हणून चांगला पण नाही. नळी काढा, बोटाने पंखा हलवा. डोलला तर बाद. नाही डोलला तर वाजू दे ने."

एवढंच काम. पानाला चुना लावायला लागतो तेवढा वेळ. मी आनंदाने व्याह्यांकडे गेले. आणि व्याही काय म्हणाले? "यंत्राचं मला सांगू नका. मी कानाने ओळखतो."

आता हे खरं आहे बरं का. सत्काराला उभी आहे तर हेही सांगितलं पाहिजे. शेठ, तुम्ही जाणता. सगळे लूम एकदम खडखडत असताना हा माणूस चालता चालता थांबायचा आणि एकाच लूमवर हात ठेवायचा. त्याचा धोटा अडणार हे त्याला आधी कळायचं. नवीन कारागीर चुकला तर आरडाओरडा नाही, जवळ जाऊन खुणेनेच दाखवायचा. ह्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज पार सचिन गावच्या कारखान्यांपर्यंत जॉबर आहेत. म्हणून मी परत फिरले. म्हटलं, ह्यांच्या कानापुढे आपण काय बोलावं.

पण गेल्या आठवड्यात हे माझ्याकडे जेवायला होते. कुकर ह्यांच्या कोपरापाशी. शिट्टी झाली, नात दचकून रडायला लागली आणि हे शांतपणे वरण कालवत होते. वर मला म्हणाले, "माझी नात फार गुणी हो विहीणबाई, हिचं रडणं मी कधी ऐकलंच नाही." योगिता माझ्याकडे बघते, मी योगिताकडे. मी सुकदेवरावांना खूण केली. ते बाहेर गेले आणि जीपवर पाय दाबला. शिट्टी अशी की समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीने कान झाकले. ह्यांनी खाली टेकलेला हात उचलला, म्हणाले गाडी चालू झाली वाटतं, फरशी हलतेय. मी विचारलं, आणि शिट्टी?

"कसली शिट्टी?"

मंडळी, हसू नका. मीही आधी हसले आणि मग भाकरी तव्यावर जळाली तरी मला कळलं नाही. जाड आवाज ह्यांना येतो, माझा तर चांगलाच येतो, बघा कसे खाली मान घालून बसलेत. बारीक आवाज गेला. लूमने खाल्ला. आणि हे काही एकट्या निंबाभाऊंचं नाही. हा माइक एवढा मोठा का लावावा लागतो? तुम्ही घरात बायकोशी ओरडून का बोलता? भांडण नसतानासुद्धा? मी जीपच्या आवाजाने नुकसान होतं का म्हणून दारोदार विचारत फिरले, आणि आवाजाने झालेलं नुकसान माझ्या पंगतीत बसून वरण जेवत होतं.

शेठ, तुम्ही शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मान आहे, आम्ही घेतला. जे कारखान्यात अजून उभे आहेत त्यांच्या कानात घालायला कापूस तरी द्या. तुमच्या गोदामात काही तो कमी नाही.

आणि व्याही, तुमच्यासाठी शेवटचं. ह्यात कमीपणा काही नाही. तुम्ही ह्या कानांवर पाच पोरांची लग्नं केलीत. पण जी शिट्टी तुम्हाला ऐकूच येत नाही, ती बरी की वाईट हे तुम्ही कानाने कसं ओळखणार? तुमचा हात अजून शाबूत आहे. लूमवर ठेवायचात तसा त्या पंख्यावर ठेवा. मगनला मी बोलावलं आहे, तो पैसे घेणार नाही, फक्त चहा घेईल. पंखा पक्का निघाला तर मी स्वतः नवापूरपर्यंत पुढच्या सीटवर बसून येईन आणि वाटेत कोणी वळून बघितलं तर हात हलवीन. नाही निघाला, किंवा तुम्ही बघितलाच नाही, तर योगिता आणि नात रविवारी रेल्वेने नंदुरबारपर्यंत जातील, आणि जीपमध्ये तुम्ही बापलेक तुमच्या शानेत बसा. मग रीत मोडली म्हणून जे बोलायचं ते मला बोला, पोरीला नको.

मंडळाने मला इथे उभं केलं, तुम्ही जेवण लांबवून ऐकलंत, तुमचे उपकार आहेत. शेठांना, विहीणबाईंना, कोणालाही माझं बोलणं टोचलं असेल तर अडाणी बाई समजून पोटात घाला. व्याह्यांनी मात्र पोटात घालायचं नाही, त्यांनी उत्तर द्यायचं आहे. आज बुधवार. शनिवारी दुपारपर्यंत नळी काढून, बोट लावून, माझ्या दारात येऊन सांगा: पंखा डोलतो की नाही डोलत?