वहीतले एकवीस जण

थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं ऐकलं ते असं.

“बाबा, ताप साथीचाच निघालाय. तुम्हाला भेटलेले सगळे आत्ताच्या आत्ता गाठायला हवेत. कोण कोण भेटलं ते लिहायला मी दिलेल्या वहीत तुम्ही रोज बारा जण लिहिलेत. बुधवारी तर एकवीस.”

“बुधवारी जरा हात सैल सोडला.”

“थट्टा नको. साथ कशी पसरेल, याचं माझं सगळं गणित असल्या वह्यांवरच उभंय. नावं सांगा.”

“नावं नाहीत गं. सगळे मनातलेच. कोरी वही तुला बघवली नसती.”

“म्हणजे कुणीच भेटलं नाही? मग ताप आला कुठून?”

“जाऊ दे ना.”

“बाबा.”

“रविवारी तू आली होतीस. जराशी खोकत होतीस.”