भादव्यात कुदळ नाही

आमचं गाव औसा तालुक्यातलं, तेरणा नदीच्या अंगाला. आता जुनं गाव न्हाईच, नुसते ढिगारे अन् त्यावर बाभळी, म्हणून नाव सांगून उपयोग न्हाई. माझं नाव माणिक. बाप गवंडी, बापाचा बाप गवंडी, काळ्या धोंड्याच्या भिंती रचायच्या, दोन-दोन हात रुंद, मातीत, अन् वर माळवद. माळवद म्हणजे काय सांगू तुम्हाला ताई, तुमच्या वयाच्या माणसानं पाह्यलं नसंल. तुळया टाकायच्या, त्यावर फळ्या, त्यावर पाला, अन् त्यावर पांढरी माती, अशी चोपून बसवायची की पाण्याचा थेंब आत येऊ नये. मिरगाच्या आधी दरसाल नवा थर. जुना काढायचा न्हाई, त्याच्यावरच नवा. वैशाखात बाहेर पाय भाजायचे अन् आत माठापाशी बसल्यावानी गार. बाप म्हणायचा, माणक्या, टाक अजून दोन पाट्या, उन्हाळ्यात माझी आठवण काढशील. आमच्या घरावरचा थर तर कंबरेला लागंल इतका झाला होता, गवंड्याचंच घर, तिथं मातीला कंजूषपणा कशाला करायचा.

भूकंप झाला त्या साली उन्हाळ्यात शेवटचा थर मीच टाकला होता. हे मी कोणाला सांगत न्हाई, तुम्ही विचारून ऱ्हायलात म्हणून सांगतो. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून आलो, चावडीपुढं मंडपातच आडवा झालो, पहाटं जमीन हालली तवा उघड्यावर होतो, म्हणून मी वाचलो. माझी बायको सोजर उंबऱ्यापाशी निघाली, जिवंत. आमची मंदा चार वर्षांची, आतल्या खणात माझ्या बापापाशी निजलेली. दुपार झाली हातानं उकरता उकरता. ताई, तिच्या अंगावर एक धोंडा पडलेला नव्हता, खरचटलं पण नव्हतं. नुसती माती होती, चाळलेली पांढरी माती, मीच चाळलेली.

तवापासून आमच्याकडच्या गवंड्यांनी एक पाळलं. अनंत चतुर्दशीपासून अमुशेपत्तोर, भादवा संपस्तोवर, जमिनीत कुदळ मारायची न्हाई. प्लास्टर करू, फरशी बसवू, पण उकरायचं न्हाई. त्या दिवसांत आम्ही एकदाच उकरलं अन् काय निघालं ते पाह्यलं. असं कोणी बसून ठरवलं न्हाई, आपोआप झालं. लातूरच्या ठेकेदारांना मालूम हाय, ते त्या पंधरवड्यात आम्हाला पायाच्या कामावर बोलवतच न्हाईत.

मग सरकारनं नवी गावं बसवली. धोंडा बंद, माती बंद, सळई पायजे, सिमेंटचा पट्टा पायजे. नियम बराबर होता, मी कशाला खोटं बोलू. मी तिथंच सळई बांधायला शिकलो, स्लॅब शिकलो. पण ती घरं उन्हाळ्यात नुसती भट्टी. म्हातारी माणसं दुपारी लिंबाखाली जाऊन बसायची अन् घरात सामान ऱ्हायचं. सोजरनं तर त्या घरात पाय टाकला न्हाई. म्हणली, डोक्यावर जड काही नको. पत्रा चालंल, पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई. म्हणून मी तिला घेऊन लातूरला आलो अन् पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. तीस साल झाले, अजून तिथंच हाव.

लातूरला कामाला तोटा नव्हता. क्लासेसचा जमाना सुरू झाला. नांदेडची, अर्धापूरची, किनवटची लेकरं, डॉक्टर व्हायचं म्हणून ट्रंका घेऊन उतरायची अन् आम्ही त्यांच्यासाठी होस्टेलं बांधायचो. चार इंची भिंत, वर उघडा स्लॅब, एका खोलीत चार कॉट, खिडकी एक, ती पण शेजारच्या भिंतीत तोंड घालून. मी एका मालकाला म्हणलं, साहेब, लेकरं उकडून मरतील. तो म्हणला, मिस्त्री, ती झोपायला आली न्हाईत, अभ्यासाला आलीत. हसला अन् गेला. अशा किती बांधल्या, मोजल्या न्हाईत. मला पण पोट होतं.

दोन-चार सालांमागं सोजरला पत्र्याखाली चक्कर यायला लागली. बीपी. डॉक्टर म्हणले, मावशीला उन्हाळ्यात त्या खोलीत ठेवू नका, एक दिवस उठायच्या न्हाईत. मी म्हणलं, मग ठेवू कुठं. ते त्यांचं काम न्हाई, ते बराबर हाय.

तवा आम्ही बारा जणांनी, सगळे बांधकामावरचे, गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले, मिळून सोसायटी केली. शहराच्या बाहेर जागा घेतली, तीन मजली इमारत, बारा घरं, मजुरी आपली आपणच करायची. सात घरं आमच्या भूकंपाकडची. इंजिनेर एक पोरगी होती, नांदेडची, नुसती तिशीची, आम्ही तिला म्याडम म्हणायचो, ती आम्हाला काका म्हणायची. तिनं काय केलं असंल, सोजरला समोर बसवलं अन् झाडूच्या काड्या घेऊन सळई कशी बांधतात, स्लॅब का पडत न्हाई ते दाखवलं. सोजरनं ऐकून घेतलं, मग म्हणली, येते मी, पण वरच्या मजल्यावर. माझ्या डोक्यावर आजून कोणाचं घर नको. चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, पण सगळे म्हणले, वरचं कोपऱ्याचं घर सोजरवहिनीचं. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी.

आता चूक ऐका. परवानगी मिळाली अन् पैसे गोळा करता करता साल गेलं. म्याडम पळत आली, काका, नवीन नियम येऊन ऱ्हायलेत, घरात ऊन शिरू नये, वीज कमी लागावी असे. चांगले हायत, पण खर्च लई हाय. या महिन्याच्या आत काम सुरू झालेलं दाखवलं तर जुन्या नियमात बसतं. कोपऱ्यात एक खड्डा खांदा, मी फोटो काढते, झालं. मी तारीख पाह्यली. अनंत चतुर्दशी कालच झाली होती.

मी म्हणलं, म्याडम, अमुशा होऊ द्या. ती म्हणली, काका, अमुशेला मुदत संपली असंल. बाकीचे पाच जण म्हणले, आम्ही मारतो कुदळ, तुम्ही बाजूला ऱ्हावा. अन् मी, मीच आडवा झालो बघा. प्लॉटवर जाऊन बसलो. म्हणलं, ज्या जमिनीवर माझी सोजर निजणार हाय ती या दिवसांत उकरू देणार न्हाई. आमची सात घरं माझ्या मागं उभी ऱ्हायली. म्याडम रडकुंडीला आली, खामखा भांडण नको म्हणून परत गेली. एका खड्ड्याचा प्रश्न होता, गुडघाभर खोल.

अमुशेनंतर कुदळ मारली, नारळ फोडला, पण तवर आम्ही नव्या नियमात गेलतो. मग यादी आली. विटा न्हाई, ते पांढरे हलके ठोकळे पायजेत. खिडकीला वेगळी काच, वर मोठा छज्जा. गच्चीवर सोलर बंब. अन् स्लॅबवर ऊन अडवायला थर, आधी थर्माकोलवानी पाट्या, त्यावर सिमेंट, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. अन् हे सगळं बराबर हाय असा कागद देणारा माणूस वेगळा, त्याची फी वेगळी. हिशोब ऐकला तर एकेका घराला एका खोलीचा खर्च वाढला. म्हणजे ज्या पैशात स्वयंपाकघर झालं असतं तो उन्हाला आडवायला गेला. मी म्याडमला म्हणलं, हे मोठ्या लोकांना लावा ना, ज्यांनी चार इंची भिंतीत लेकरं कोंबली. ती म्हणली, काका, ती होस्टेलं जुन्या नियमातली हायत, त्यांना कोणी हात लावत न्हाई.

म्हणजे बघा, आयुष्यभर भट्ट्या बांधून ज्यांनी पैसा केला ते सुटले अन् पहिल्यांदा सावलीचं घर बांधायला निघालो ते आम्ही सापडलो.

एकेक जण गळायला लागला. सेंट्रिंगवाला पहिला गेला, त्याच्या पोरीचं लग्न होतं. जाताना मला म्हणला, माणिकदादा, तुमच्या भादव्यानं आमचं घर खाल्लं. गळालेल्यांत मी सगळ्यात शेवटी विकलं. गळालेले सगळे वाटे एका क्लासवाल्या सरांनी घेतले, रोख. वरचा मजला सगळा त्यांचा झाला, मुलींचं होस्टेल करायचं म्हणून. मी सोजरला सांगायला गेलो तर ती भाकरी थापून ऱ्हायली होती. मी म्हणलं, माझ्यामुळं गेलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली अन् म्हणली, त्या दिवसांत कुदळ मारली असती तर मी त्या घरात पाऊल टाकलं नसतं. गेलं तर गेलं. पण शेजारच्या इमारतीत जिन्यावरून कोणी सामान घेऊन चढलं की तिकडं बघत ऱ्हायची.

आता याच्यापुढचं ऐका. इमारत उभी ऱ्हायली अन् तिच्या गच्चीचा थर मीच टाकला. सरांनी मजुरीवर बोलवलं, चांगला हात पायजे म्हणले. नको म्हणायला पायजे होतं, पण सोजरच्या गोळ्या होत्या. पाट्या अंथरल्या, सिमेंट ओढलं, पांढरे तुकडे एकेक करून बसवले, ढाळ असा दिला की पाणी थांबू नये. म्याडम वर आली अन् मला समजावून सांगायला लागली, काका, हा थर हाय ना, यानं ऊन खाली जात न्हाई. मी म्हणलं, पोरी, माझा बाप हेच करायचा, मातीनं. तिनं पुढचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. तिला मंदाचं ठाऊक होतं.

मेच्या महिन्यात काम संपलं. एका दुपारी मी सोजरला म्हणलं, चल, एकदा बघून तर ये. सरांची माणसं आली नव्हती आजून. वरचं कोपऱ्याचं घर, रिकामं, दार उघडं. तिनं उंबऱ्यावर चप्पल काढली. भिंतीला हात लावला, मग वर बघितलं, स्लॅबकडं, लई वेळ. मला वाटलं आता पळती. पण ती खाली बसली. म्हणली, गार हाय हो. अन् फरशीवर आडवी झाली, पदर तोंडावर घेतला अन् झोपली. तीस सालांत माझी बायको पत्र्याशिवाय कोणत्या छताखाली निजली नव्हती, ताई. ती घोरत होती. मी भिंतीला टेकून बसलो, हालत नव्हतो, बिडी पण पेटवली न्हाई.

तासभर झाला असंल. मग जिन्यात खडखड झाली, दोन माणसं लोखंडी कॉट घेऊन आली. एक म्हणला, ओ मावशी, उठा, कॉट लावायच्या हायत. सोजर दचकून उठली, पदर सावरला, दोघांना म्हणली, चुकलं बाबा, अन् चप्पल हातात घेऊनच खाली उतरली. मी मागून गेलो. चुकलं कोणाचं अन् माफी मागितली कोणी.

आता त्या खोलीत किनवटकडच्या तीन पोरी ऱ्हातात म्हणं, डॉक्टरकीचा अभ्यास करून ऱ्हायल्यात. आम्ही पत्र्यातच हाव. दुपारी पोतं भिजवून पत्र्यावर टाकतो, ते वाळलं की पुन्हा भिजवतो. परवा ऊन लई होतं, सोजर भिंतीला टेकून बसली होती, घामानं भिजलेली. एकदम म्हणली, त्या पोरींना झोप लागत असंल का हो तिथं? मी म्हणलं, हाव, थर मी टाकलाय, लागत असंल. म्हणली, मग बरं हाय. निजू द्या लेकरांना.