मंदारचं टागालोग

पुणेकराला टागालोग शिकवून उपयोग नाही. २००५ साली लंडनच्या क्रॉयडनला मी स्वतः बघितलंय. माझा फ्लॅटमेट मंदार लिझा नावाच्या फिलिपिनो नर्सशी लग्न करणार होता आणि तिची आई मनिलाहून जावई बघायला आली होती. लिझाने त्याला आपली टागालोग भाषा शिकवताना बजावलं, "चवदार म्हणजे मासाराप. खूप चवदार म्हणायचं तर तेच दोनदा, मासाराप ना मासाराप. तू दोनदाच म्हण."

मंदारने चिकन मागून मागून खाल्लं. आईने विचारलं, "कसं झालंय?"

मंदार स्वच्छ टागालोगमध्ये म्हणाला, "वाईट नाही."

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं.

लिझा त्याच्यावर उखडली. "कौतुक करता येत नाही तुला?"

"केलं की!" मंदार म्हणाला. "आमचे बाबा एकदाच असं म्हणाले होते. आई अजून सगळ्यांना सांगते."