काकडांचा रस

चहा निवला तरी चालेल, आधी हे ऐका. आमच्या सुमीला बघायला पेणहून पाहुणे यायचे होते आणि नेमकी त्याच सकाळी रोह्याच्या बाजारात यंदाची पहिली शेवळं आली, पावसाच्या तोंडावरची रानभाजी. एवढी कोवळी की मी हरखलेच. बटाट्याची भाजी रद्द केली. म्हटलं, लेकीच्या हातची शेवळंच खाऊ देत त्यांना.

आता शेवळांना काकडांचा, म्हणजे त्या हिरव्या रानफळांचा, आंबट रस पाहिजेच, नायतर घसा खाजतो. मी काकडं ठेचून रस ग्लासात काढला, सुमीला म्हटलं, "शिजत आली की ओत," आणि साडी बदलायला गेले.

पंगत बसली. दोन घास झाले आणि सगळे घसा खाकरायला लागले. शेवटी मुलाची आईच म्हणाली, "वैनी, काकडं घातली नाय काय?"

मी सुमीकडे बघितलं. ती म्हणाली, "ग्लास रिकामा होता. मला वाटलं, तूच ओतलास."

तेवढ्यात आमचे हे म्हणतात, "म्हणजे ते पन्हं नव्हतं? मी म्हटलं, साखर टाकायला विसरली."

मी घाईघाईने भाजीचं पातेलं उचललं, तर मुलाने ताट पुढे केलं. डोळ्यांत पाणी, नजर सुमीवर. म्हणाला, "मावशी, अजून थोडी वाढा."

त्याची आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, "घरी मीठ जरा कमी पडलं तर हा ताटावरून उठतो. वैनी, आता तारीखच काढा."