चर्चच्या पायरीवरचे बूट

यार, सासऱ्यांना युरोप दाखवायच्या आधी हे ऐक. दोन हजार सहामध्ये माझे सासरे आमच्याकडे ओहायोला आले होते. नागपूरला परत सोडताना वाटेत फ्रान्स केलं. एका छोट्या शहराच्या जुन्या भागात चर्च बघायला गेलो, तर यांनी दारातच अमेरिकेत घेतलेले कोरे बूट काढले. एक पायरीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

"बाबा, इथे बूट काढत नाहीत."

"जावईबापू, देवाचं दार आहे. आणि असे वेगवेगळे ठेवले की चोर नेत नाही."

बाहेर आलो, तर एकच बूट. दुसरा कुणीतरी टाकलाय असं समजून झाडूवालीनं कचऱ्याच्या गाडीत टाकला होता, आणि गाडी निघालीसुद्धा.

दगडी गल्ल्यांतून लंगडत बाबा मलाच म्हणाले, "बघितलंत? एकत्र ठेवले असते, तर दोन्ही गेले असते!"