पंख्याखालची खुर्ची

या समारंभाचे अध्यक्ष पाळकसाहेब रेव्हरंड योनाथान साळवे, ज्यांच्या देणगीतून आपल्या हॉलला चित्रपटाचा नवा पडदा आणि नवं यंत्र मिळालं ते प्रमुख पाहुणे श्री. हेमचंद्र भालेराव, आजच्या सत्कारमूर्ती दीनाबाई तोरणे, मागच्या खोलीत चहाच्या गडबडीत असलेल्या महिला मंडळाच्या भगिनी आणि समोर बसलेले माझे शेवटच्या शनिवारचे सगळे सोबती,

"ताई, रडायचं असंल तर त्या पंख्याखाली बसा. तो लई आवाज करतो, कुणाला कळत नाय."

हे वाक्य दीनाबाईंनी मला याच हॉलच्या दारात सांगितलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तोवर रडलेही नव्हते, नुसत्या चपला काढत होते. बाईंना माझ्या तोंडावर काय दिसलं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मुकाट्यानं जाऊन पंख्याखाली बसले, आणि नंतर तो पंखा मला पुरला. भालेरावसाहेब, आपण पडदा दिलात, यंत्र दिलंत, आपले उपकार आहेतच. पण पुढच्या वर्षी आणखी काही द्यायचं मनात आलं, तर तेवढा पंखा बदलू नका.

इथं काही पाहुणे प्रथमच आले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी या हॉलमध्ये चित्रपट दाखवतात. ख्रिस्ती कुटुंबांचे, श्रद्धेचे, बहुतेक परदेशातले. इंग्रजी आम्हा बऱ्याच जणांना कळत नाही, कळलं तरी त्या लोकांच्या तोंडचं कळत नाही. म्हणून दीनाबाई पडद्याच्या डाव्या अंगाला माइक घेऊन उभ्या राहतात आणि चालू चित्रपट मराठीत सांगतात. बाई जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवत होत्या, पण मूळच्या पिशोर गावच्या. त्यामुळे पडद्यावरचा गोरा म्हातारा टोपी काढून मुलाला मिठी मारायचा आणि आम्हाला ऐकू यायचं, "आरं लेकरा, लई वाळलास रं! खातोस का नाय?" बर्फ पडायला लागला की बाई म्हणायच्या, "गारा समजा, पण मऊ."

आणि बजाजनगरहून येणाऱ्या आमच्या साळूबाई पहिल्या रांगेतून ओरडायच्या, "बाई, ह्यो बाप परत येनार हाय का नाय, आत्ताच सांगा. मला शेअर रिक्षा गाठायची."

"बसा गप. येतो बाप."

"मग जाते मी. चांगलं झालं त्याचं."

साळूबाई, हसता काय? आज तरी शेवटपर्यंत थांबा.

मी ख्रिस्ती नाही. इथं मला हे कुणी कधी विचारलं नाही, म्हणून आज आपणहून सांगते. आमच्या घरात देवघर आहे, सकाळची पूजा आहे. माझ्या नणंदबाई, उमाताई, मला एकदा म्हणाल्या, "वहिनी, घरातले देव पुरेनात का तुला?" मी म्हटलं, "देव पुरतात हो. बाहेर पडायला कारण पुरत नाही."

खरं कारण एवढंच होतं. माझे यजमान श्रीरंग अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळले, ते अजून तसेच आहेत. बोलत नाहीत. त्यांना सगळं कळतं, असं एक डॉक्टर म्हणतात. दुसरे म्हणतात, सांगता येत नाही. पहिलं वर्ष मी घराबाहेर अशी पडलेच नाही. मग शेजारच्या मनकर्णाबाई एका शनिवारी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "जा. आमच्या हॉलला पिक्चर हाय. कसला हाय ते इचारू नका, नुसतं जाऊन बसा." आत्ताही त्याच बसल्या आहेत. तेव्हा या भाषणाला टाळ्या मिळाल्याच, तर अर्ध्या त्यांच्या.

मी आले, आणि मला ते चित्रपट आवडले. का आवडले असतील? त्यांत कुणी कुणावर ओरडत नाही. जेवायच्या आधी सगळे एकमेकांचे हात धरतात, आणि लहान मूल एका डोळ्यानं ताटाकडे बघत असतं. बाप मुलाची माफी मागतो. आपल्याकडे बाप गप्प बसून मुलाच्या ताटात जास्तीची पोळी वाढतो, ती माफीच असते, पण ती ओळखायला मुलाला चाळीस वर्षांचं व्हावं लागतं. तिथं तो सरळ तोंडानं म्हणतो, "माझं चुकलं." तसं कुणी म्हणालं की मला पंखा लागायचा.

पण खोटं कशाला बोलू? त्या चित्रपटांनी मी दमलेही. त्यांत प्रार्थना केली की शेवटच्या पंधरा मिनिटांत ती ऐकली जाते. रुसलेली मुलगी परत येते, गेलेली नोकरी मिळते, डॉक्टर कागद बघून चकित होतात. आजारी माणसाच्या उशाशी फुलं असतात, पण चादर बदलताना मी कुणाला पाहिलं नाही. कुशीवर वळवताना कुणाची कंबर धरत नाही. मी घरी जायचे, दार उघडायचे, आणि तीच खोली, तोच औषधांचा वास. आमच्या घरी ती शेवटची पंधरा मिनिटं येतच नव्हती. मग मनात यायचं, माझंच काही कमी पडतं का?

अशात एकदा बाईंनी एक चित्रपट सांगितला, जो पुढेही अधूनमधून लागत राहिला. शेतावरच्या घरातला माणूस शिडीवरून पडतो आणि शुद्धीवर येत नाही. त्याची बायको हिवाळाभर त्याच्याजवळ बसून असते. एका प्रसंगात ती पलंगापाशी गुडघे टेकते आणि प्रार्थना करते. बाईंनी माइक तोंडाजवळ नेला. मग म्हणाल्या,

"देवा, ह्यांना बरं कर, असं मी रोज म्हणते. आज नाय म्हणत. आज मी लई थकले. तू जरा ह्यांच्या उशाशी बस. मी तेवढी पाठ टेकते."

पुढून साळूबाईंचा आवाज आला, "व्हय गं माय." हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. पंख्याचाही मला ऐकू आला नाही.

ते वाक्य मी घरी नेलं. त्या दिवसापासून दिवा मालवताना तेवढंच म्हणते. आमच्या देवघरातल्या देवांनी त्याला हरकत घेतलेली नाही. मला झोप लागू लागली. बरं काही झालं नाही, पण झोप लागू लागली. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना हे किती मोठं आहे ते सांगावं लागणार नाही.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी सावनी पुण्याहून आली. मी कौतुकानं तिला तोच चित्रपट शोधायला लावला. तिनं लॅपटॉपवर लावला, खाली संवादांची अक्षरं येत होती, ती मराठीत सांगू लागली. तो प्रसंग आला. सावनीनं वाचलं, "प्रभू, तू याला उठवशील. माझ्या मनात तिळमात्र शंका नाही."

"पुढे?" मी म्हटलं.

"एवढंच आहे, आई."

"थकले असं म्हणते ना ती?"

"नाही गं. ती तर हसतेय."

मला राग आला. कशाचा म्हणाल, तर इतकी वर्षं मी समजत होते, की तसले सुंदर पडदे असलेल्या घरात कुणीतरी बाई माझ्यासारखी थकलेली आहे. आणि ती नव्हतीच. दुसऱ्याच दिवशी मी बाईंच्या घरी गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"बाई, ती असं म्हणतच नाही."

"कोण?"

"शिडीवरून पडलेल्याची बायको. ती म्हणते, मला शंका नाही."

बाईंनी जुडी खाली ठेवली. "व्हय. असंच म्हणते ती."

"मग तुम्ही?"

"मला नाय म्हणता आलं, मनस्विनी. घरून पाठ करून आले होते. पण ती गुडघ्यावर, अन् समोर तुम्ही पंख्याखाली. तोंडात दुसरंच आलं."

"कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? माझ्याच घरातून."

तेव्हा मला कळलं. बाईंचे यजमान स्कूटरवरून पडले होते आणि बरीच वर्षं तसेच होते. शेवटपर्यंत उठले नाहीत. भेटायला येणारे लोक जाताना दारात हळूच म्हणायचे, विश्वास कमी पडत असंल. बाई मला म्हणाल्या, "शंका कधीच नव्हती हो मला. थकले होते. पण लोकांना थकवा दिसला की ते त्याला शंका म्हणतात."

"म्हणजे मी रोज तुमची प्रार्थना म्हणतेय?"

"म्हणा की. मला आता लागत नाय." आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावलात?"

मी म्हटलं, "नाही. जुडी द्या इकडं एक."

ती थकलेली बाई होती, मंडळी. परदेशात नव्हती. इथं छावणीतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होती.

हे इथं सांगू का, असं मी बाईंना विचारलं, तेव्हा त्या "पाळकसाहेबांना विचारा" म्हणाल्या. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सांगा, ताई. मला इंग्रजी येतं. त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो." साहेब, आपण तेव्हा काही बोलला नाहीत, याबद्दल आपले आभार मानायचे राहिले होते. ते आज मानते.

आजपासून चित्रपट मराठी आवाजासकट येणार. कुणाला उभं राहून सांगावं लागणार नाही. आणि बाई उद्या पिशोरला धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जात आहेत. घसा गेला म्हणतात. घसाच गेला असेल, असं आपण धरून चालू.

महिला मंडळानं मला बोलायची संधी दिली, आपण सगळ्यांनी चहा निवत असताना ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. परक्या घरात येऊन घरच्यासारखं बोलले. कुठं शब्द जास्तीचा गेला असेल, तर तो माझ्या दमलेपणाच्या खात्यावर टाका आणि मनात ठेवू नका.

आणि आता बाई, तुमच्याशी.

चहानंतर तोच चित्रपट लागणार आहे, शिडीवरून पडलेल्या माणसाचा. तुम्ही सकाळी फोनवर म्हणालात, "हार घाला, भाषण करा, पण पिक्चरला मी थांबणार नाय." त्या चित्रपटाच्या शेवटी तो माणूस डोळे उघडतो आणि बायकोला नावानं हाक मारतो. जितक्यांदा तो इथं लागला, तितक्यांदा त्या जागी तुम्ही पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड केलंत. आम्हाला वाटायचं, बाई आमची तोंडं बघतात. तो डोळे उघडताना तुम्ही एकदाही पाहिला नाहीत, हे तुम्हीच मला मेथी निवडताना सांगितलंत.

पंख्याखाली दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी मघापासून माझी पिशवी ठेवली आहे. या, बसा. नव्या यंत्रातली ती बायको तिचं म्हणू दे, तुम्ही तुमचं माझ्या कानात म्हणा. तो उठेल तेव्हा आपण दोघी समोर बघू. आपले दोघींचेही तसे उठले नाहीत, तरी बघू. पंखा आहेच.

तुम्ही आत्ताच नाही म्हणून मान हलवता आहात, ते मला इथून दिसतंय. तरी मागते. या, बाई.