जंत परत शिकतात का?

हसू नका रे, पण आमच्या थोरल्या भावाची पोरगी लावण्या पुण्यात जंतांना शिकवते. सुतासारखे बारीक जंत, भिंगाखाली दिसतात. अमुक वास आला की तिथं खायला मिळतं, एवढंच शिकवायचं. ध्यानात राहतं की त्यांच्या!

मागच्या मे महिन्यात भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये, टॉवेलच्या मागावरच ऊन लागून पडला. वाचला. चालतो, जेवतो. पण तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची, तेच विसरला. जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यानं?

लावण्या सुटीला आली, तेव्हा मी विचारलं, "असं कसं गं झालं?"

"काका, माणसाचं नक्की सांगता येत नाही. पण आमचे जंत तापवले की जगतात, वळवळतात, फक्त शिकवलेलं जातं. एका नसेचा निरोप दुसऱ्या नसेवर झेलणारे बारीक कण असतात, तेच कमी होतात."

भाऊ ऐकत होता. म्हणाला, "मग परत शिकवलं तर शिकतात का?"

"शिकतात, अप्पा."

"मग मला शिकव की."

रोज सकाळी ती सूत घेऊन त्याच्यापुढं बसायची. ती गाठ तिला लहानपणी त्यानंच शिकवलेली. तो तिला कधी ओळखायचा, कधी नाही. परवा एकदाची गाठ जमली. लई खूश झाला.

"बाई, छान शिकवता तुम्ही. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या अप्पांनी."

"त्यांना सांगा, उन्हाळ्यात पत्र्याखाली बसू नका म्हणावं."